तांबी बसविली, पुढे काय?

तांबी बसविण्यास दहा मिनिटे पुरतात. बसविलेली तांबी मात्र स्त्रीच्या शरीरात पाच वर्षे, दहा वर्षे राहते. आमच्या आरोग्ययंत्रणेचा सारा उत्साह आणि सारी नोंदवही या पहिल्या दहा मिनिटांभोवती फिरते. नंतरच्या दहा वर्षांत त्या स्त्रीच्या ओटीपोटात दुखू लागले, पाळीच्या दिवसांत रक्त वाजवीपेक्षा अधिक जाऊ लागले, तांबीचा दोरा हाताला लागेनासा झाला, तर तिने काय करावे आणि कोणाकडे जावे, हे अनेकींना कोणी सांगितलेलेच नसते. हा विषय बायकांनी माजघरात कुजबुजण्याचा आहे, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती समजूत स्त्रियांच्या प्रकृतीला महाग पडली आहे, म्हणून आज आम्ही तो मुद्दाम पहिल्या पानावर घेत आहोत.

प्रथमच एक गोष्ट स्पष्ट करून टाकतो. आम्ही तांबीचे विरोधक नाही. आज सरकारी दवाखान्यांतून मोफत बसविली जाणारी तांबी हे संततिनियमनाचे अत्यंत भरवशाचे साधन आहे. ‘३८० ए’ जातीची तांबी बसविलेल्या शंभर स्त्रियांपैकी पहिल्या वर्षात एखादीलाही दिवस राहतात न राहतात, इतके ते खात्रीचे आहे. तांब्याचे सूक्ष्म कण गर्भाशयात मिसळून पुरुषबीजाला निकामी करतात. त्यासाठी रोज गोळी घेण्याची आठवण ठेवावी लागत नाही, की नवऱ्याची मनधरणी करावी लागत नाही. मूल हवे झाले की तांबी काढावी आणि मोकळे व्हावे. दोन मुलांत अंतर हवे असणाऱ्या स्त्रीला याहून सोयीचे साधन शोधणे कठीण आहे.

असे असूनही ते वापरणाऱ्या स्त्रिया किती? आपल्या उपनगरांतच, देवनारला, आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे काम तीच संस्था पाहते. या पाहणीची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. तीत आढळले की देशातील विवाहित स्त्रियांपैकी तांबी वापरणाऱ्या शेकडा २.१ आहेत आणि नसबंदीची शस्त्रक्रिया करून घेतलेल्या शेकडा ३७.९. सहा दशके प्रचार करून जे साधन शंभरात दोघींपलीकडे पोहोचत नाही, त्याच्या प्रचारात कोठेतरी मूलभूत चूक असली पाहिजे. ती चूक त्याच पाहणीतील दुसऱ्या एका आकड्यात दडलेली आहे. संततिनियमनाची साधने वापरणाऱ्या स्त्रियांपैकी शेकडा ६२.४ जणींनाच त्या साधनाचे दुष्परिणाम सांगण्यात आले होते. म्हणजे दर शंभरांतील अडतीस स्त्रियांना साधन मिळाले, पण त्याची माहिती मिळाली नाही! ज्याची माहिती नाही त्याची भीती वाटते, आणि भीती वाटते ते साधन कोणी जवळ करीत नाही. इतका हा सरळ हिशेब आहे.

मुंबईने घेतलेला वसा

वास्तविक याबाबतीत मुंबईची परंपरा फार निराळी आहे. प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली याच शहरात संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. त्यापायी त्यांनी विल्सन कॉलेजातील गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी गमावली, अश्लीलतेच्या आरोपाखाली न्यायालयाची पायरी चढली. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. कर्व्यांचा आग्रह साधनांपुरता नव्हता. शरीराविषयी जे खरे आहे ते आडपडदा न ठेवता लोकांना सांगावे, हा त्यांचा खरा आग्रह होता. पुढे १९४९ मध्ये धन्वंती रामा राव आणि आवाबाई वाडिया यांनी मुंबईतच भारतीय कुटुंबनियोजन संघटना स्थापन केली. १९५२ मध्ये मुंबईस भरलेल्या परिषदेतूनच नियोजित पालकत्वाचा आंतरराष्ट्रीय महासंघ जन्मास आला. त्याच वर्षी भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला.

कर्व्यांचा आग्रह मात्र सरकारी कार्यक्रमाने उचलला नाही. सरकारने साधन घेतले आणि स्पष्टपणा टाकून दिला. त्याचे फळ १९६५ साली दिसले.

‘लूप’ची दुर्दशा

अमेरिकेतील बफेलो येथील डॉ. जॅक लिप्स यांनी साठच्या दशकाच्या प्रारंभी प्लॅस्टिकचा नागमोडी ‘लूप’ तयार केला. स्वस्त, टिकाऊ आणि एकदा बसविला की वर्षानुवर्षे पाहावयास नको! लोकसंख्येच्या चिंतेने ग्रासलेल्या नियोजनकारांना तो वरदानासारखा वाटला. डॉ. सुशीला नायर केंद्रीय आरोग्यमंत्री असताना, १९६५ मध्ये, तो राष्ट्रीय कार्यक्रमात आला. कानपूरला त्याचा कारखाना निघाला. पहिल्या वर्षी सुमारे ८ लाख आणि १९६६-६७ मध्ये सुमारे ९ लाख लूप बसविले गेले. केंद्र सरकारने राज्यांना एका लूपमागे ११ रुपये, पुरुषाच्या नसबंदीमागे ३० आणि स्त्रीच्या नसबंदीमागे ४० रुपये देऊ केले. जिल्ह्याजिल्ह्याला उद्दिष्टे वाटली गेली आणि शिबिरे भरली.

आणि मग पाहता पाहता ही लाट ओसरली. १९६८-६९ मध्ये हा आकडा ५ लाखांच्याही खाली आला. अधिकाऱ्यांनी दोष अफवांना दिला. अफवा होत्या, यात शंका नाही. लूप पोटातून छातीत चढतो, लूपने कर्करोग होतो, अशा नाना कंड्या गावोगाव पिकल्या. परंतु धूर निघाला तो कोठल्या आगीतून, हे कोणी पाहिले काय? लूप बसविलेल्या कित्येक स्त्रियांच्या अंगावर खरोखरच फार जात होते; पाळीतील रक्तस्राव जवळजवळ दुपटीवर जाऊ शकतो, हे वैद्यकाला पुढे मोजमापानिशी कळून चुकले. कंबर धरत होती, पोटात कळा येत होत्या. आधीच रक्तक्षयाने पांढऱ्या पडलेल्या या स्त्रिया तक्रार घेऊन आल्या, तेव्हा शिबिराचा तंबू उठलेला होता, डॉक्टर पुढच्या गावी गेले होते आणि मागे राहिलेल्या कर्मचाऱ्याजवळ ‘बरे वाटेल’ या दोन शब्दांपलीकडे औषध नव्हते. खरी तक्रार ऐकून घेतली गेली नाही, म्हणून तिचे रूपांतर अफवेत झाले. अफवा हा न ऐकलेल्या तक्रारीचाच विकार असतो!

त्या काळी आकडे मोजले गेले ते बसविलेल्या लूपचे. किती लूप आपोआप पडले, किती काढावे लागले, किती स्त्रिया त्यापायी अंथरुणास खिळल्या, याचा हिशेब त्या मानाने कोणी ठेवला नाही. त्या लूपची जागा पुढे तांबीने घेतली. अमेरिकेतील डॉ. हॉवर्ड टॅटम यांचा ‘टी’ आकार आणि चिलीतील डॉ. हाइमे झिपर यांची तांब्याची कल्पना यांच्या संयोगातून ती निघाली. साधन सुधारले, रक्तस्राव कमी झाला, भरवसा वाढला. मात्र ते देण्याची रीत तितकी सुधारली नाही.

हा दोष केवळ आपल्याच देशाचा आहे असेही नाही. अमेरिकेत १९७१ मध्ये ‘डाल्कन शील्ड’ नावाचे असेच एक साधन बाजारात आले. त्याचा दोरा अनेक तंतूंचा होता. दिव्याच्या वातीने तेल वर चढावे तसे त्या दोऱ्यातून जंतू गर्भाशयात चढत. स्त्रियांना गंभीर संसर्ग झाले, काही दगावल्या. तक्रारी येत असूनही कंपनीने त्या वेळीच मनावर घेतल्या नाहीत. १९७४ मध्ये विक्री थांबली आणि खटल्यांच्या भाराखाली ती ए. एच. रॉबिन्स कंपनी १९८५ मध्ये दिवाळखोरीत गेली. एका वाईट साधनामुळे चांगल्या साधनांवरचाही अमेरिकन स्त्रियांचा विश्वास कित्येक वर्षे उडाला. आजच्या तांबीचा दोरा एकतंतू असतो, तिला तो दोष लागू नाही. तरीही तक्रार दाबली की साधनच बदनाम होते, हा त्या प्रकरणाचा धडा मुंबईलाही लागू आहे.

धोका कोणता आणि किती?

तेव्हा तांबीचे धोके कोणते, ते आम्ही येथे स्वच्छ सांगतो. ते ऐकून कोणी घाबरण्याचे कारण नाही. न सांगितलेल्या धोक्यापेक्षा सांगितलेला धोका नेहमीच लहान असतो.

पहिली आणि सर्वांत सामान्य तक्रार रक्तस्रावाची. तांबीने पाळीतील रक्त साधारण तिसऱ्या हिश्शाने ते निम्म्याने वाढू शकते आणि पोटातही अधिक दुखते. बहुतेकींचा हा त्रास तीन ते सहा महिन्यांत उतरतो. परंतु ज्या देशात १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी ५७ जणींना रक्तक्षय आहे, तेथे ‘थोडे जास्त जाईल’ हे शब्द सहज उच्चारण्याजोगे नाहीत. तांबी बसविण्यापूर्वी स्त्रीचे हिमोग्लोबिन पाहणे आणि नंतर तिला लोहाच्या गोळ्या देणे यांत खर्च असा कितीसा आहे?

दुसरी गोष्ट, तांबी आपोआप पडण्याची. पहिल्या वर्षात शंभरातील दोन ते दहा जणींच्या बाबतीत असे घडू शकते, आणि त्यातही पहिल्या काही महिन्यांत अधिक. प्रसूतीनंतर लगेच बसविलेली तांबी पडण्याचे प्रमाण याहूनही जास्त असते. पाळीच्या रक्ताबरोबर ती निघून जाते आणि स्त्रीला पत्ताही लागत नाही. आपण निर्धास्त आहोत, या समजुतीत ती गरोदर राहते.

तिसरा धोका जंतुसंसर्गाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासांची आकडेवारी १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत दिसले की ओटीपोटातील संसर्गाचा धोका मुख्यतः तांबी बसविल्यानंतरच्या पहिल्या वीस दिवसांत असतो, पुढे तो फार कमी होतो. याचा अर्थ उघड आहे. दोष तांबीपेक्षा बसविण्याच्या वेळच्या अस्वच्छतेचा किंवा आधीपासून असलेल्या, पण न तपासलेल्या संसर्गाचा असतो. अंगावरून दुर्गंधीयुक्त जात असताना, ओटीपोटात दुखत असताना तांबी बसविणे म्हणजे निखाऱ्यावर चादर घालणे होय.

चौथा धोका दुर्मिळ, पण गंभीर आहे: तांबी गर्भाशयाच्या भिंतीतून आरपार जाणे. युरोपात ६१ हजारांवर स्त्रियांची पाहणी करून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे प्रमाण हजारी एकाच्या आसपास आढळले. बाळाला अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांत मात्र ते सुमारे सहापट होते. अशी सरकलेली तांबी पोटातील आवरणात अडकते, क्वचित मूत्राशयात शिरून तिच्याभोवती खडा धरतो. येथे एक सूचना प्रत्येक स्त्रीने आणि प्रत्येक डॉक्टरनेही लक्षात ठेवावी. दोरा दिसत नाही म्हणजे ‘तांबी पडली असेल’ असे परस्पर ठरवू नये. आधी दिवस राहिलेले नाहीत ना, ते पाहावे, मग सोनोग्राफी करावी; गर्भाशयात तांबी दिसली नाही तर पोटाचा क्ष-किरण फोटो काढावा. तांबीच्या प्लॅस्टिकमध्ये बेरियम मिसळलेले असते ते याचसाठी की ती क्ष-किरणांत दिसावी. जी तांबी पडताना कोणी पाहिली नाही, ती शोधल्यावाचून पडली असे म्हणता येत नाही.

पाचवा धोका नलिकेतील गर्भाचा. तांबीने गर्भधारणाच टळते, म्हणून नलिकेत गर्भ राहण्याची एकंदर शक्यताही घटते. परंतु तांबी असताना दिवस गेलेच, तर तो गर्भ गर्भाशयाबाहेर असण्याची शक्यता नेहमीपेक्षा जास्त असते, आणि फुटलेली नलिका काही तासांत प्राण घेऊ शकते. म्हणून पाळी चुकली, ओटीपोटात एकाएकी कळ आली, संभोगाच्या वेळी दुखू लागले, ताप येऊन अंगावरून घाण जाऊ लागले, दोरा लांब-आखूड लागला किंवा नाहीसाच झाला, तर पुढच्या पाळीची वाट न पाहता, सासूबाईंच्या संमतीची वाट न पाहता, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

उपनगरांतील स्त्रीची अडचण

आता हे सारे अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड येथील स्त्रीला लावून पाहा. ती सकाळची गाडी पकडते, बायकांच्या डब्यात तासभर उभी राहते, दिवसभर कचेरीत किंवा अंधेरीच्या सीप्झमधील कारखान्यात काम करते आणि परत येऊन चूल पेटविते. तिला पाळीत दुप्पट रक्त जाऊ लागले तर ती रजा कोणत्या नावाने मागणार? महापालिकेच्या दवाखान्याची स्त्रियांच्या तपासणीची वेळ आणि तिच्या कामाची वेळ एकच. घाटकोपरचे राजावाडी आणि विलेपार्ल्याचे कूपर ही मोठी रुग्णालये आहेत, तेथे गर्दीही तशीच मोठी. एका तपासणीसाठी अर्ध्या दिवसाची मजुरी बुडविणे हे असल्फ्याच्या टेकडीवर राहणाऱ्या घरकामवालीला परवडणारे नाही. म्हणून ती दुखणे अंगावर काढते. ते दुखणे असह्य झाले की गल्लीतील पहिल्या दवाखान्यात जाते. तेथे तिची आधीची नोंद नसते आणि तांबी कोणत्या जातीची आहे, हे तिला स्वतःलाही ठाऊक नसते.

दुसरी अडचण मुंबईच्या जडणघडणीतच आहे. उपनगरांतील कितीतरी सुना बाळंतपणाला माहेरी जातात. कोणी चिपळूणला, कोणी कराडला, कोणी थेट जौनपूरला. प्रसूती झाली की त्याच ठिकाणी, वार पडल्यावर लगेच किंवा ४८ तासांच्या आत, तांबी बसविली जाते. तीन महिन्यांनी बाळ घेऊन ती मुलुंडला येते. तांबी तिच्याबरोबर येते, कागद मात्र माहेरी राहतो! सहा आठवड्यांची तपासणी कोणी करावयाची? चिपळूणच्या नोंदवहीत ती ‘तांबी बसविली’ या रकान्यात कायमची जमा आहे आणि मुलुंडच्या नोंदवहीत ती नाहीच. माहेरपणाची जुनी रीत आणि नवी वैद्यकसेवा यांच्यामध्ये ही बाई लोंबकळते. हा दोष तिचा नाही. माणसे फिरतात आणि नोंदी फिरत नाहीत, या व्यवस्थेचा आहे.

तिसरी अडचण मुदतीची. ‘३८० ए’ तांबी दहा वर्षे चालते, ‘३७५’ तांबी पाच वर्षे. कोणती बसविली ते ठाऊक नसेल तर काढावयाची केव्हा, ते कसे कळणार? मुदत संपलेली तांबी अंगात घेऊन हिंडणाऱ्या स्त्रिया कोठल्याही स्त्रीरोगतज्ज्ञाला अपरिचित नाहीत.

संमती म्हणजे अंगठा नव्हे

याहून गंभीर प्रश्न संमतीचा आहे. प्रसूतीनंतरच्या तांबीसाठी परिचारिकांना आणि आशा कार्यकर्तींना प्रोत्साहनपर रक्कम देण्याची योजना केंद्र सरकारने आखली. हेतू वाईट नव्हता. परंतु कोठल्याही मोबदल्याचा हिशेब ‘बसविण्या’शी जोडला, की तांबी नको म्हणणारी स्त्री ही अडथळा वाटू लागते आणि काढून मागणारी स्त्री ही वजाबाकी! १९६६ चे ते ११ रुपये आम्हांला येथे आठवतात. ज्या कागदावर प्रसूतीवेदनांच्या भरात सही घेतली, तिला संमती म्हणणे ही भाषेची विटंबना आहे. सरकारच्याच सूचना सांगतात की तांबीविषयीचे बोलणे गरोदरपणीच्या तपासण्यांत व्हावे, कळा ऐन भरात असताना होऊ नये. ही सूचना प्रत्येक प्रसूतिगृहाच्या भिंतीवर टांगली पाहिजे.

कायदाही याबाबतीत मुका नाही. समीरा कोहली प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले की पुरेशी माहिती दिल्यावाचून घेतलेली संमती ही संमती नव्हे, आणि एका उपचारास दिलेली संमती दुसऱ्या उपचारास चालत नाही. प्रसूतीसाठी दाखल झालेल्या स्त्रीने प्रसूतीस संमती दिलेली असते, तांबीस नव्हे. २०१४ मध्ये छत्तीसगडातील बिलासपूरजवळ नसबंदी शिबिरानंतर तेरा स्त्रियांचा बळी गेला. त्यानंतर, २०१६ मध्ये, देविका बिस्वास प्रकरणात त्याच न्यायालयाने अशी शिबिरे बंद करण्यास सांगितले आणि उद्दिष्टांपायी सक्ती होता कामा नये, असे बजावले. केंद्राने उद्दिष्टे तर १९९६ सालीच कागदावरून काढून टाकली होती. कागदावरून गेलेली उद्दिष्टे साहेबांच्या मनातून गेली काय, हा खरा प्रश्न आहे!

आणि आता घाई तरी कशाची आहे? साठ वर्षांपूर्वी लोकसंख्येच्या स्फोटाचा धाक दाखवून स्त्रियांच्या तक्रारी बाजूला सारल्या गेल्या. त्याच पाचव्या पाहणीनुसार महाराष्ट्रात दर स्त्रीमागे सरासरी १.७ मुले जन्मतात. पिढीची जागा पिढीने भरून काढण्यास लागणाऱ्या २.१ पेक्षाही हे प्रमाण कमी आहे. बागुलबुवा निघून गेला आहे. आता तांबीचे समर्थन एकाच कारणाने करता येईल: ती त्या स्त्रीला हवी आहे. आणि स्त्रीसाठी असलेल्या साधनाचे यश स्त्रीच्या प्रकृतीवरूनच मोजले पाहिजे.

येथे पुरुषांनाही दोन शब्द सुनावणे प्राप्त आहे. पाचव्या पाहणीत स्त्रियांची नसबंदी शेकडा ३७.९, तर पुरुषांची शेकडा ०.३ आहे. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, कमी धोक्याची आणि काही मिनिटांची. साठच्या दशकाच्या अखेरीस याच मुंबईत रेल्वे स्थानकांवर पुरुषांच्या नसबंदीची केंद्रे चालत असत. पुढे १९७५ ते १९७७ च्या आणीबाणीत सक्ती झाली, पुरुष बिथरला आणि सारा भार निमूटपणे स्त्रीच्या अंगावर येऊन पडला. सक्तीचा निषेध योग्यच होता. पण त्या निषेधाआड लपून पन्नास वर्षे जबाबदारी टाळणे हे काही मर्दुमकीचे लक्षण नव्हे. शिकलेसवरलेले, उपनगरांतील सोसायट्यांत राहणारे गृहस्थही ‘ते बायकांचे तिचे ती बघते’ म्हणून मोकळे होतात. तिच्या तांबीचे दुखणे ऐकून घेणे, तिच्याबरोबर दवाखान्यात जाणे, एवढे तरी त्यांच्याकडून व्हावे.

आमचे मागणे

मुंबई महापालिकेकडे आणि राज्य सरकारकडे आमचे मागणे फार मोठे नाही. तांबी बसविलेल्या प्रत्येक स्त्रीच्या हाती मराठी, हिंदी, गुजराती, उर्दू यांपैकी तिला वाचता येईल त्या भाषेतील कार्ड पडावे. त्यावर तांबीची जात, बसविल्याची तारीख, काढण्याची मुदत आणि धोक्याची लक्षणे छापलेली असावीत. त्याच नोंदीचा निरोप तिच्या मोबाईलवर जावा, म्हणजे कागद माहेरी राहिला तरी नोंद तिच्याबरोबर येईल. पहिल्या पाळीनंतरची आणि तीन महिन्यांची तपासणी, तसेच प्रसूतीनंतरच्या तांबीसाठी सहा आठवड्यांची तपासणी, ती स्त्री जेथे राहते तेथे, कोठल्याही पालिका दवाखान्यात, व्हावी. ‘आपला दवाखाना’ ही योजना २०२२ मध्ये मुंबईत सुरू झाली ती कामकरी माणसाला संध्याकाळी उपचार मिळावेत म्हणून. त्या दवाखान्यांत आठवड्यातून एक संध्याकाळ तांबीच्या तपासणीसाठी राखून ठेवणे अवघड नाही. मूल थांबविण्याची इतर साधनेही, २०१७ पासून सरकारी यंत्रणेत आलेले ‘अंतरा’ इंजेक्शन आणि ‘छाया’ गोळ्या धरून, तिच्यापुढे मांडावीत आणि निवड तिच्यावर सोडावी.

शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे मागणे असे. जी स्त्री तांबी काढून मागेल तिची तांबी त्याच दिवशी, प्रश्नांची सरबत्ती न करता, काढून द्यावी. तिला समजावून सांगावे, औषध द्यावे, थोडे थांबून पाहण्याचा सल्लाही अवश्य द्यावा; पण तिचा निर्धार कायम असेल तर ‘नवऱ्याला घेऊन या’, ‘सहा महिने थांबा’ असे सांगून परत पाठवू नये. ज्या दवाखान्यात तांबी सहज निघते, तेथेच ती विश्वासाने बसविली जाते. दार बाहेरून लावून घेणाऱ्या घरात कोणी आपण होऊन पाऊल टाकीत नाही.

आणि खाजगी दवाखान्यांनाही हेच लागू आहे. पैसे मोजले म्हणून माहितीचा हक्क वाढत नाही आणि पैसे नाहीत म्हणून तो कमी होत नाही.

दर वर्षी ११ जुलैला जागतिक लोकसंख्या दिन येतो, पाठोपाठ पंधरवडा साजरा होतो, फलक लागतात आणि किती तांब्या बसविल्या त्याचे आकडे प्रसिद्ध होतात. येत्या खेपेस पालिकेने त्याच पत्रकात आणखी तीन आकडे द्यावेत: किती स्त्रिया पुन्हा तपासल्या, किती जणींना कोणता त्रास झाला, आणि किती जणींच्या मागणीवरून तांबी काढून दिली. हे तीन आकडे ज्या दिवशी निःसंकोच छापले जातील, त्या दिवशी उपनगरांतील स्त्रीला तांबीची भीती वाटण्याचे मुख्य कारण उरणार नाही. शंभर वर्षांपूर्वी एका प्राध्यापकाने या शहरात जे सत्य मोकळेपणाने बोलण्यासाठी नोकरीवर पाणी सोडले, ते आज बोलताना पालिकेला काहीच गमवावे लागणार नाही.